सूप औषधात धरत नाहीत

झाकण फिरवलं तेव्हा वाफेबरोबर एक पाय वर आला.

पाय कोणाचा, हे विचारायचं नाही असं माक विंग-क्युनने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. विचारलं की उत्तर मिळतं, आणि एकदा मिळालेलं उत्तर परत करता येत नाही. त्याने थर्मास दोन बोटांत धरून नाकापासून जमेल तितका लांब नेला. पाय क्षणभर तरंगला, कुठे आलोय हे पाहिल्यासारखा गोल फिरला आणि पुन्हा त्या तपकिरी सुपात बुडाला.

“गरम आहे तोवर घे,” ताई म्हणाली.

“घेतो.”

“मग बघत काय बसलास? ते काय तुझ्याशी गप्पा मारणार आहे?”

ताई म्हणजे माक युक-सिम. वय सहासष्ट, उंची पाच फुटांच्या आत, आवाज बाहेर. ती पहाटे उठून मातीच्या भांड्यात चार तास सूप रटरटत ठेवायची, मग दोन बस आणि एक मेट्रो बदलून फोशानच्या पलीकडच्या गावातून ग्वांगझौच्या या इस्पितळाच्या सहाव्या मजल्यावर यायची. थर्मास भावाच्या हातात दिला की ती प्लास्टिकचं तसराळं उचलून व्हरांड्याच्या टोकाला गरम पाणी आणायला जायची. तिथे रांग असायची आणि रांगेत बायका असायच्या. आठ मिनिटं तरी कुठे गेली नाहीत. विंग-क्युनचं सगळं आयुष्य सध्या त्या आठ मिनिटांवर चाललं होतं.

तिच्या सपातांचा आवाज लांब गेला. त्याने शेजारच्या सत्तावीस नंबरच्या खाटेकडे पाहिलं. सिनकाका वाडगा पुढे करून तयारच बसले होते.

सिनकाकांची सूप पिण्याची पद्धत बघवत नसे आणि ऐकवतही नसे. आधी एक लांब सुर्रर्र, मग घशातून गडगड, मग हाडकं तळहातावर थुंकून त्यांची पाहणी. सिनकाका जन्मभर बदकं पाळत आले होते, आणि इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर कोण कोणाकडून काय शिकलं हे सांगणं अवघड होतं. विंग-क्युनने तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर कोणीतरी पूर्वी काहीतरी पुसलेलं होतं. त्याने डोळे मिटले.

“आज पाय जास्त होते,” सिनकाका म्हणाले आणि थर्मास परत दिला. “तुमच्या ताईंचा हात सढळ आहे.”

विंग-क्युनने शहराच्या अन्नतपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली होती. उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांत न सांगता शिरायचं आणि झाकणं उघडायची, हे त्याचं काम. सुपांमध्ये त्याला लग्नाची अंगठी सापडली होती, बोटाची चिकटपट्टी सापडली होती, आणि एकदा अर्धी कवळी. मालकाने ती पुसून तिथल्या तिथे तोंडात बसवली होती. त्यानंतर त्याने सूप सोडलं. या प्रांतात हे म्हणजे श्वास सोडल्यासारखंच आहे. एक लग्न जुळत आलं होतं. पण मुलीकडे जेवायला बोलावलं तेव्हा त्याने होणाऱ्या सासूच्या स्वयंपाकघरातला कापायचा लाकडी ओंडका उलटा करून खालची बाजू पाहिली. ते लग्न तिथेच राहिलं, आणि मग ताईशिवाय कोणी उरलं नाही.

आता त्याच्या यकृतात साडेसहा सेंटिमीटरची गाठ होती. हे झाकण दुसऱ्या कोणी उघडलं होतं.

उपचार समजावताना डॉक्टर ग्वान यांनी कागदावर झाडासारखं काहीतरी काढलं होतं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून ती वर यकृतापर्यंत न्यायची. गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत औषध आणि बारीक मणी सोडून ती फांदी बुजवायची. गाठ उपाशी मरायला लागते. मरताना ती फुटते आणि तिच्या आतला माल रक्तात सांडतो. आपल्या रक्तातले पहारेकरी एरवी तिला घरचीच समजून सोडून देतात. म्हणून दर तीन आठवड्यांनी शिरेतून दुसरं औषध द्यायचं, इम्युनोथेरपीचं. ते पहारेकऱ्यांच्या डोळ्यांवरची पट्टी काढतं.

“एकेकटे हे उपाय कमी पडतात,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “दोन्ही मिळून केले तर काही जणांना बराच फायदा होतो. म्हणजे आधी उपाशी मारायची, आणि तिचा वास सुटला की पहारेकरी सोडायचे.”

विंग-क्युन त्या वासापाशीच अडकला होता. ताईला मात्र सगळं नीट कळलं होतं.

“उपाशी कोणाला ठेवायचंय? गाठीला. म्हणजे तिचा वाटा बंद. म्हणजे आता खाशील ते सगळं तुझं. एवढं साधं गणित आहे,” ती म्हणाली होती आणि दुसऱ्या दिवसापासून थर्मास सुरू झाला होता.

धमनी बुजवल्यावर त्याला ताप आला, पोटात कोणी वीट ठेवल्यासारखं झालं आणि उचकी लागली. उचकी एक्केचाळीस तास चालली. घामाला नाण्यांचा वास येत होता. त्या अवस्थेत पहिला थर्मास उघडला, आणि त्याने तो सरळ संडासात ओतला. दुसऱ्या दिवशी तो थर्मास घेऊन तिकडेच निघाला होता, तेव्हा सत्तावीस नंबरवरून आवाज आला होता.

“ओतायला चाललात? अहो, द्या इकडे.”

त्याला आता सात दिवस झाले होते. विंग-क्युनचा ताप रेंगाळला म्हणून त्याला अजून सोडलं नव्हतं.

बुधवारी सकाळी डॉक्टर ग्वान फेरीला आल्या. त्या तिशीतल्या, उत्तरेकडच्या हार्बिनच्या, बोलायला थेट. त्यांनी विंग-क्युनचा रिपोर्ट पाहून मान हलवली.

“माककाका, यकृताचे आकडे छान उतरले. तीनशेवर होते, आज ऐंशी. शुक्रवारी तुमचं औषध लावू.”

मग त्या सत्तावीस नंबरकडे वळल्या आणि तिथे जास्त वेळ थांबल्या.

सिनकाकांची धमनी आधीच्या आठवड्यात बुजवली होती आणि त्यांना दुसऱ्या औषधाचा पहिला डोस झाला होता. त्यांचे आकडे आधी उतरले आणि मग चढायला लागले होते. परवा दोनशे दहा, आज चारशे ऐंशी. डोळ्यांचे पांढरे कोपरे जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचे झाले होते.

“काका, पहारेकऱ्यांची पट्टी काढली, आणि ते गाठ सोडून घरच्याच भिंती पाडायला लागले असं दिसतंय. या औषधाने कधी कधी असं होतं. शुक्रवारपर्यंत आकडे उतरले नाहीत तर ते बंद करावं लागेल.”

“किती दिवस बंद?”

“कायमचं. पुन्हा देता येणार नाही.”

सिनकाकांनी पांघरुणाची कड सरळ केली. त्यांच्या गाठी यकृताच्या दोन्ही बाजूंना होत्या. चाकू चालत नव्हता. या औषधापलीकडे डॉक्टरांच्या कागदावर काही काढलेलं नव्हतं. मुलगा दूर उरुम्चीला क्रेन चालवायचा आणि रविवारी फोन करायचा. नव्या वर्षाला येतो म्हणाला होता. नवं वर्ष पाच महिन्यांवर होतं.

“दुसरं काही घेत नाही ना तुम्ही?” डॉक्टरांनी विचारलं. “काढा? पावडर? गावठी गोळ्या? झाडपाला?”

“छे हो.”

“नक्की?”

“आईशपथ. दवाखान्याचं जेवतो आणि पडून राहतो.”

सिनकाका खोटं बोलत नव्हते. ग्वांगझौच्या या नदीच्या मुखाशी जन्मलेल्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल. काढा हे औषध. सूप हे सूप. ते औषधात धरत नाहीत, जेवणातही धरत नाहीत, ते असतंच. आणि डॉक्टर ग्वान हार्बिनच्या, जिथे भांड्याच्या तळाशी उरलेल्या पाण्याला सूप म्हणतात. त्यांनी सूप विचारलं नाही. विंग-क्युन जवळच बसला होता आणि त्यालाही काही सुचलं नाही. तोही याच नदीच्या मुखाशी जन्मला होता.

ताई दुपारी आली तोवर ऐंशीचा आकडा रांगेतल्या बायकांनी तिच्या कानावर घातला होता.

“ऐंशी!” ती दारातूनच म्हणाली. “अख्ख्या मजल्यावर एवढा खाली कोणाचा आहे? सांगा!”

कोणाचाच नव्हता. अर्ध्या तासात खाटेभोवती नातेवाईक जमले. एकतीस नंबरची सून वहीच घेऊन आली. दोघांनी थर्मासचे फोटो काढले, एकाने विंग-क्युनचा.

“मरळ मासळी ताजीच हवी,” ताई सांगत होती. “डुकराची हाडं. बेडकाची सुकवलेली कातडी, पण ती आधी भिजवायची. गोमा सात. आठ नाही, सहा नाही.”

“पाय काढायचे ना मावशी?”

“पाय काढलेस तर राहिलं काय? ताकद पायांत असते.”

सुनेने लिहिलं : ताकद पायांत. म्हणजे गोमा होत्या तर. नऊ दिवस विंग-क्युनने न विचारता काढले होते.

“आणि खरा जीव मुळीत,” ताईने आवाज खाली आणला, म्हणजे तो आता फक्त दालनातच ऐकू जात होता. “जखम भरून आणणारी. दुकानातली घेऊ नका, तो लबाड भुसा देतो. माझ्या शेजारणीच्या परसात आहे. मी मूठभर घालते. आतून कापलंय ना माझ्या भावाला, म्हणून.”

“रोज?”

“रोज! बघताय ना समोर?”

सगळ्यांनी समोर पाहिलं. समोर विंग-क्युन बसला होता. सहाव्या मजल्यावर सुपाच्या गुणाचा जिवंत पुरावा म्हणून त्याला दाखवलं जात होतं, आणि त्या मजल्यावर सूप न प्यायलेला बहुधा तो एकटाच उरणार होता.

तेव्हा त्याच्या डोक्यात एक जुनं वाक्य आपोआप उभं राहिलं. नव्या तपासनीसांना तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. एक स्वयंपाकघर, दोन माणसं. एकाने खाल्लं, एकाने नाही. आजारी कोण पडलं?

त्याने मान वळवली. सिनकाका उशीला टेकून ताईचं बोलणं कौतुकाने ऐकत होते. त्यांनी त्याच्याकडे पाहून डोळा मारला. तो डोळा पिवळा होता.

विंग-क्युनने हात चादरीला पुसले. हात कोरडेच होते. त्याने पुन्हा पुसले.

गर्दी पांगली, ताई तसराळं घेऊन गेली, आणि सिनकाकांचा वाडगा नेहमीसारखा पुढे आला.

“आज नको, काका.”

“का? तुम्ही घेणार? अरे वा!”

“मी नाही. तुम्हीही नका घेऊ. त्या मुळीनेच तुमचे आकडे चढतायत.”

सिनकाका हसले. “सुपाने? साहेब, सुपाने कधी कोणाला काही झालंय? जन्मभर लोकांच्या स्वयंपाकघरांना कुलपं लावलीत, आता ताईंच्याही लावणार?”

“डॉक्टरांना सांगा तुम्ही प्यायलात म्हणून. शुक्रवारच्या आत सांगा.”

“आणि ताईंना काय सांगू? की त्या रोज दोन बस बदलून येतात ते एका बदकवाल्यासाठी?” त्यांनी वाडगा उलटा ठेवला. “तोंड दाखवायला जागा राहील का त्यांना? आत्ताच फोटो काढून नेलेत लोकांनी.”

“तुमचं औषध बंद होईल, काका.”

“बघू.”

त्यांनी कूस बदलली.

विंग-क्युन उठला. जांघेत अजून खुपत होतं. कपाटात लघवीच्या तपासणीसाठी दिलेली एक कोरी बाटली होती. तिच्यात त्याने सूप भरलं, मुळीचा एक तुकडा येईल असं पाहून. झाकण लावलं, झाकणावर पट्टी चिकटवली, पट्टीवर तारीख, वेळ, पदार्थाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, नमुना घेणाऱ्याचं नाव लिहिलं आणि सही केली. शाळांच्या आणि कारखान्यांच्या खानावळींना प्रत्येक पदार्थाचा असा नमुना अठ्ठेचाळीस तास जपावा लागतो, आणि हा नियम न पाळणाऱ्यांना त्याने कधी सोडलं नव्हतं. बनवणाऱ्याच्या नावापाशी त्याचं पेन जरा थांबलं होतं. उरलेलं त्याने संडासात ओतलं.

परत आला तर बाटली हातात घेऊन नर्स उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

“काका, हे... असं कधीपासून होतंय?”

“ते माझं नाही.”

“मग कोणाचं?”

“ताईचं.”

नर्सने बाटली उजेडात धरली. आतून पाय वर आला. तिने बाटली दोन बोटांनी कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार लावलं.

गुरुवारी त्याने ताईला एकटीला गाठून सांगायचं ठरवलं. ती आली, त्याचा ताप पाहिला, उशी थापटली, त्याच्या पायांची नखं कापायला बसली. तिच्या पापण्यांखाली काळं पडलं होतं.

“ताई, उद्यापासून सूप नको.”

“आकडे उतरले म्हणून सोडायचं? औषध लागू पडलं की सोडणारा तूच पहिला. लहानपणी जंताचं औषधही असंच केलंस.”

“तसं नाही. ऐक ना.”

“पाय हलवू नकोस, बोट कापेल.”

त्याने पाय हलवला नाही. दहाही नखं कापून झाली आणि त्याने काहीच सांगितलं नव्हतं. ती पाणी आणायला गेली तेव्हा त्याने थर्मास संडासात ओतला आणि साखळी ओढली. परत येताना सिनकाकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी डॉक्टर ग्वान फेरीला आल्या तेव्हा दालन भरलेलं होतं. एकतीस नंबरच्या सुनेने स्वतःचा नवा थर्मास आणला होता. बत्तीस नंबरवाल्यांनीही. वास ओळखीचा होता. ताई लवकर आली होती; शुक्रवार तिला मिरवायचा होता.

सिनकाकांचा आकडा पाचशे वीस होता.

“काका, मला वाईट वाटतंय,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं. “हे औषध आपण इथे थांबवतो.”

“बरं,” सिनकाका म्हणाले. दुकानात माल संपला असं कळल्यावर माणूस म्हणतो तसं.

“थांबा,” विंग-क्युन म्हणाला. “मी सूप प्यायलो नाही.”

डॉक्टरांनी वळून पाहिलं. “कुठलं सूप?”

दालनात कोणीतरी हसलं. कुठलं सूप म्हणे!

“ताप चढलाय त्याला,” ताई म्हणाली.

“एक थेंबही नाही. दहा दिवस. सात दिवस मी ते सिनकाकांना पाजलं. माझे आकडे उतरले ते न पिता उतरले, आणि त्यांचे चढले ते पिऊन.”

सगळे सिनकाकांकडे वळले. सिनकाका ताईकडे पाहत होते.

“मी?” ते म्हणाले. “मला सूप आवडतच नाही. माकसाहेबच प्यायचे. रोज बघायचो मी. दोन्ही हातांनी वाडगा धरून, शेवटच्या थेंबापर्यंत.”

एका माणसाचं औषध कायमचं बंद होत होतं आणि तो माणूस शांतपणे, नीट रंगवून, विंग-क्युनचं सूप पिणं सांगत होता. विंग-क्युनने कपाट उघडून बाटली डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी आधी पट्टी वाचली. सही पाहिली. मग बाटली तिरकी केली. “ही मुळी कुठली?”

“चांगली आहे,” ताई म्हणाली आणि पिशवीतून अख्खी मुळी काढून दाखवली, मातीसकट. “परसातली.”

डॉक्टरांनी मुळीचा फोटो काढून कोणालातरी पाठवला. चार मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे औषधशाळेचे म्हातारे प्रमुख धापा टाकत वर आले. त्यांनी मुळी नाकाशी नेली, मोडली, आतला रंग पाहिला.

“दुकानातली वेगळी,” ते म्हणाले. “ही दिसायला तिची बहीण. दर वर्षी कोणी ना कोणी ही आणतंच. हिने यकृतातल्या बारीक शिरा बुजतात.”

“म्हणजे आम्ही मोजून एक धमनी बुजवायची,” डॉक्टर ग्वान म्हणाल्या, “आणि हिने न विचारता बाकीच्या.”

एकतीस नंबरच्या सुनेने आपला थर्मास पायाने हळूच खाटेखाली ढकलला.

“सिनकाका, एकदाच विचारते. प्यायलात का?”

ताईच्या हातात मुळीचा मोडलेला तुकडा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच नीट सत्तावीस नंबरकडे, त्या डोळ्यांकडे.

“खरं सांगा हो,” ती म्हणाली.

“प्यायलो,” सिनकाका म्हणाले. “पायांसकट.”

डॉक्टरांनी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. “मग औषधावर इतक्यात आळ नको. सूप बंद. आठवडाभर आकडे बघू. उतरले तर पुढचा डोस.” मग पेन खिशाला लावून त्या दालनाला उद्देशून म्हणाल्या, “आणि आजपासून मी सूपही विचारणार आहे.”

ताईने थर्मास उचलला आणि व्हरांड्यातल्या नळावर जाऊन बराच वेळ धुतला. परत येऊन पुसला, पिशवीत ठेवला.

“दहा दिवस?” तिने विचारलं.

“हो.”

“पहिल्या दिवशीचंही त्यालाच दिलंस?”

“नाही. पहिल्या दिवशीचं संडासात ओतलं.”

हे सांगायची काही गरज नव्हती. पण एकतीस वर्षं अहवाल लिहिलेल्या माणसाला अर्धवट अहवाल देता येत नाही. ताई गेली. तसराळं तिथेच राहिलं, कोरडं.

तीन आठवडे तो फोन करत राहिला. ती उचलायची, दोन-तीन श्वास घ्यायची आणि ठेवून द्यायची.

पुढच्या डोसला विंग-क्युन आणि सिनकाका यांना, डोस देऊन संध्याकाळी घरी सोडतात त्या दालनात, शेजारी शेजारी खाटा मिळाल्या. विंग-क्युनची औषधाची बाटली आधी संपली. सिनकाकांचा आकडा एकसष्टवर आला होता, आणि दुपारी नर्सने त्यांच्या हाताला सलाईन लावून औषध सुरू केलं. थेंब पडायला लागला. दोघेही त्याच्याकडे पाहत बसले. सिनकाका त्या शुक्रवारपासून त्याच्याशी बोलले नव्हते.

“रविवारच्या सुपात संत्र्याची वाळवलेली साल होती,” सिनकाका एकदम म्हणाले. “तुम्हाला वास येऊ नये म्हणून घातली असणार.”

“मी चाखलं नाही.”

“ते माहीत झालंय सगळ्या मजल्याला.” मग ते म्हणाले, “खरं सांगू? फार घाण लागायचं हो ते. बदकांच्या डबक्यात पडलो होतो एकदा, तोंड उघडं होतं. तसं. रात्रभर मळमळायचं.”

विंग-क्युन उठून बसला. “मग प्यायचात कशाला?”

सिनकाकांना प्रश्न कळलाच नाही असं दिसलं. “अहो, चार तास उकळलेलं असायचं,” ते म्हणाले.

विंग-क्युनने फोन काढला. ताईने उचलला. एक श्वास. दोन श्वास.

“सिनकाकांचे आकडे उतरले,” तो घाईने म्हणाला. “औषध लावलंय. आत्ता चालू आहे.”

तिसरा श्वास आला. फोन ठेवला गेला नाही.

“खाल्लंय का काही त्याने?” ताई म्हणाली.

“दवाखान्याचं. ताई, पेज आणशील? नुसती. तांदूळ आणि पाणी. डॉक्टरांना विचारतो आधी. पाय असलेलं काही नको.”

“तू मला पेज शिकव आता. मीठ कसं लागतं त्याला?”

“मला काय माहीत?”

“सात दिवस माझं सूप पाजलंस त्या माणसाला आणि मीठ पुरतं का विचारलं नाहीस? फोन दे त्याला. तुझ्याशी नाही बोलायचं मला.”

सिनकाकांच्या एका हाताला सलाईन होतं आणि दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा, जो मधूनच फुगायचा. फोन धरायला हात नव्हता. विंग-क्युन खाटेवरून उतरला आणि फोन त्यांच्या कानाला लावून उभा राहिला. कानात पांढऱ्या केसांचं रान माजलं होतं. पाळीवरून कातडीचे कोंड्यासारखे पापुद्रे सुटत होते आणि मानेला कापराच्या मलमाचा आणि जुन्या घामाचा मिळून एक तिसराच वास होता. फोनची काच त्या सगळ्याला टेकली होती.

“नाही हो ताई, छान व्हायचं,” सिनकाका सांगत होते. “नाही, खरंच. आता कसं सांगू तुम्हाला.”

पलीकडून बोलणं अखंड येत होतं. सिनकाका हसले, आणि हसताना कान फोनवर घासला. अकरा मिनिटं झाली. हात भरून आला तेव्हा विंग-क्युनने फोन दुसऱ्या हातात घेतला.